वाचक विचारतात : घरातल्या इंटरनेटची वाटणी

या अंकासाठी आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे. प्लॅन मोठा आहे, स्पीड टेस्टमध्ये आकडाही बरोबर येतो, तरी घरात एकाने काही सुरू केलं की दुसऱ्याचं अडतं. निवडक पत्रं थोडक्यात आणि नावं न देता घेतली आहेत. राउटरच्या मेन्यूतली नावं कंपनीगणिक बदलतात, म्हणून नावाबरोबर ती सोय नेमकं काय करते तेही सांगितलं आहे.

प्रश्न : मी संध्याकाळी दहावीच्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेते. १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे आणि टेस्टला ९० च्या वर आकडा येतो. तरी सातच्या सुमारास घरची मंडळी कामावरून परतली की मुलांना माझा आवाज तुटक ऐकू येतो. २०० चा प्लॅन घेऊ का? (शिक्षिका, फोंडा)

एवढ्यात घेऊ नका. एका व्हिडिओ शिकवणीला दोन्ही बाजूंनी मिळून चार-पाच एमबीपीएस पुरतात, आणि तेवढे तुमच्याकडे कितीतरी पटींनी आहेत. तुमच्या पत्रातला खरा धागा ‘घरची मंडळी परतली की’ हा आहे. दिवसभर बाहेर असलेले फोन घरच्या वायफायला जोडले गेले की त्या दिवसाचे फोटो आणि व्हिडिओ आपणहून क्लाउडवर चढू लागतात. हा सगळा भार अपलोडवर पडतो, आणि तुमचा आवाजही अपलोडनेच मुलांकडे जातो. पत्रात तुम्ही फक्त डाउनलोडचा आकडा दिला आहे. अपलोड किती मिळतो ते आधी बघा. काही प्लॅनमध्ये तो बराच कमी असतो.

अपलोडची वाट भरली की जादा डेटा राउटरच्या किंवा ओएनटीच्या मेमरीत रांग लावून थांबतो. ओएनटी म्हणजे फायबरची तार जिथे येते तो डबा. ही रांग किती वेळ खाते त्याचा हिशेब सोपा आहे : अपलोड १० एमबीपीएस आणि रांगेत एक मेगाबाइट साचलेला असेल, तर शेवटच्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, ०.८ सेकंद ताटकळावं लागतं. आवाजाला एवढा उशीर चालत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार संभाषण सहज व्हायला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. या दुखण्याला जाणकार ‘बफरब्लोट’ म्हणतात. प्लॅन २०० चा केला तरी फोन तेवढ्याच जोमाने तीही वाट भरतात. त्रासाचा काळ थोडा कमी होतो, इतकंच. अपलोड तुंबलं की डाउनलोडही रखडतं, कारण आलेल्या डेटाची पोच अपलोडनेच परत जायची असते.

खात्री करून घ्यायला फास्ट डॉट कॉम उघडा. टेस्ट संपल्यावर ‘शो मोअर इन्फो’ दाबलं की अपलोडचा वेग आणि लेटन्सीचे, म्हणजे उशिराचे, दोन आकडे दिसतात : एक ‘अनलोडेड’, म्हणजे लाइन रिकामी असतानाचा, दुसरा ‘लोडेड’, म्हणजे भरलेली असतानाचा. दोन्हींतलं अंतर २०-३० मिलिसेकंदांत असेल तर रांगेचा दोष नाही. ते १०० च्या पलीकडे गेलं तर रोग हाच.

उपाय असा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा, आणि सकाळी, संध्याकाळी सातला, रात्री नऊला टेस्ट घ्या. डाउनलोड आणि अपलोड दोन्हींचे सगळ्यांत कमी आलेले आकडे धरा आणि त्यांच्या ९० टक्के काढा. समजा सर्वांत कमी ८८ आणि १८ मिळाले, तर ७९ आणि १६. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता घाला (बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, राउटरच्या पाठीवर छापलेला असतो), आत ‘क्यूओएस’ किंवा ‘बँडविड्थ कंट्रोल’ (कोणाचा डेटा आधी आणि किती जायचा ते ठरवणारी सोय) शोधा आणि एकूण बँडविड्थच्या रकान्यांत हे आकडे भरा. मग शिकवणीच्या लॅपटॉपला ‘हाय प्रायॉरिटी’ द्या.

दहा टक्के सोडून द्यायचे म्हटलं की जीव हळहळतो, पण सगळी मेख तिथेच आहे. राउटर लाइनपेक्षा थोडं कमीच पाठवतो, म्हणून रांग ऑपरेटरच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि आपल्या दारातली रांग आपल्याला लावता येते. चोडणच्या फेरीबोटीला गाड्यांची कितीही रांग लागली तरी दुचाकीवाले आणि पायी येणारे बाजूने पुढे जाऊन चढतात, कारण ते जागा फार अडवत नाहीत. चांगला राउटर आवाजाच्या छोट्या पॅकेटांना तसंच पुढे काढतो. एकूण बँडविड्थचा रकाना रिकामा ठेवून नुसती प्रायॉरिटी दिली, तर राउटरच्या लेखी रांग लागतच नाही आणि प्रायॉरिटीचा उपयोग शून्य. ‘क्यूओएस चालू केलं, काही फरक नाही’ असं लिहिणाऱ्यांनी पहिल्यांदा हाच रकाना तपासावा.

आजच्या आजची सोय हवी असेल तर घरच्यांच्या फोनवर गुगल फोटोजमधला बॅकअप शिकवणीच्या वेळेपुरता बंद ठेवायला सांगा. पण हा उपाय रोज कोणाच्या तरी लक्षात राहायला हवा, म्हणून त्यावर विसंबू नये.

प्रश्न : आमच्या घरात दहा उपकरणं आहेत. भांडण नको म्हणून राउटरमध्ये प्रत्येकाला १० एमबीपीएसची मर्यादा घालून दिली. आता सगळेच रडतात. माझ्या फोनला तर काहीच मिळत नाही. (सेवानिवृत्त बँक अधिकारी, मडगाव)

वाटणी तुम्ही न्यायाने केलीत, पण इंटरनेट वाटून ठेवता येत नाही. ज्या क्षणी वापरलं नाही त्या क्षणी ते वाया जातं. दुपारी घरात तुम्ही एकटे असलात तरी तुम्हाला दहाच मिळणार, बाकीचे नव्वद कोणाच्याच कामाचे नाहीत. सरसकट मर्यादा काढून टाका. एकूण आकडा वरच्या पद्धतीने भरा, आणि मर्यादा फक्त अधाशी यंत्रांना घाला : गेम उतरवणारा संगणक, क्लाउडवर चित्रण पाठवणारे कॅमेरे, बॅकअप घेणारी हार्ड डिस्क. टीव्हीला मर्यादा घालायचीच असेल तर नेटफ्लिक्सला फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस लागतात हे लक्षात ठेवून २५ ठेवा. नेमकी १५ ठेवली तर सुरुवातीचं भरून घेणं रेंगाळतं आणि चित्र मधूनच धूसर होतं.

तुमच्या फोनला काहीच मिळत नाही त्याचं कारण बहुधा एककात दडलेलं आहे. बऱ्याच राउटरमध्ये हा रकाना केबीपीएसमध्ये असतो. तिथे १० लिहिलं तर मिळतात ०.०१ एमबीपीएस, १० एमबीपीएससाठी १०००० लिहायला हवं. काही ठिकाणी एकक किलोबाइट असतं, तिथे १० एमबीपीएस म्हणजे १२५०. रकान्याच्या शेजारचं अक्षर नीट बघा : इंग्रजी लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट, आणि एका बाइटचे आठ बिट. जिथे किमान आणि कमाल असे दोन रकाने असतात तिथे सगळ्या किमान आकड्यांची बेरीज एकूण बँडविड्थच्या आत राहिली पाहिजे. तसं झालं नाही तर काही राउटर नियम घेतच नाहीत, काही घेतात आणि वेडंवाकडं वागतात.

आणखी एक गोष्ट तुमच्याही नियमांना लागू पडते. हे नियम यंत्राच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या ओळख क्रमांकावर, बसतात. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खोटा, बदलता येणारा मॅक पत्ता देतो. पत्ता बदलला की तुमच्या नियमाला फोन ओळखता येत नाही. घरच्या फोनांवर, फक्त घरच्या वायफायपुरतं, हे बंद करा. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या नावासमोरच्या चक्रावर टिचकी मारून ‘प्रायव्हसी’मध्ये ‘यूज डिव्हाइस मॅक’ निवडा. आयफोनमध्ये नावासमोरच्या आय या खुणेवर जाऊन ‘प्रायव्हेट वायफाय अॅड्रेस’ बंद करा. त्यानंतर राउटरच्या ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये प्रत्येक यंत्राला कायमचा आयपी पत्ता देऊन टाका आणि ‘बाबांचा फोन’, ‘हॉलचा टीव्ही’ अशी नावं लिहा. पुढचा सगळा त्रास वाचतो.

प्रश्न : क्यूओएस चालू केल्यापासून ३०० चा प्लॅन १२० वर आला. बंद केलं की पुन्हा ३०० मिळतात. राउटर बिघडला का? (पर्वरी)

बिघडला नाही, दमतोय. क्यूओएस बंद असताना पॅकेट पुढे ढकलण्याचं काम राउटरमधली खास चिप करते. चालू केल्यावर प्रत्येक पॅकेट मुख्य प्रोसेसरला तपासावं लागतं, आणि स्वस्त राउटरच्या प्रोसेसरला ते झेपत नाही. दोन वाटा आहेत : ताकदीचा राउटर घ्या, किंवा १२० वर समाधान माना. घरी कोणी मोठमोठ्या फाइली उतरवत नसेल तर न अडखळणारे १२० हे अडखळणाऱ्या ३०० पेक्षा वापरायला कितीतरी सुखाचे असतात.

आकडा १२० ऐवजी बरोबर ९४-९५ वर अडकत असेल तर मात्र कारण वेगळं. मग राउटरचा पोर्टच १०० एमबीपीएसचा आहे किंवा केबलमधली एखादी तार तुटली आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात. १०० ला चारच पुरतात, म्हणून तुटकी केबलही ‘चालते’.

प्रश्न : आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे, मध्ये राजांगण. राउटर ओसरीवरच्या खोलीत, मुलीची खोली मागे स्वयंपाकघराला लागून. तिच्या लॅपटॉपला सगळ्यांत वरची प्रायॉरिटी दिली, तरी तिची मीटिंग तुटते. पावसाळ्यात जास्तच. आणि ती मीटिंगला बसली की पुढच्या खोलीतला टीव्हीसुद्धा अडखळतो. (डिचोली)

शेवटच्या वाक्यात निदान आहे. इथे इंटरनेटची लाइन तुंबलेली नाही, हवा तुंबली आहे. वायफायवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. राउटरच्या जवळ, ३०० एमबीपीएसच्या जोडणीवर, एक मेगाबाइट जायला ०.०३ सेकंद लागतात. दोन-तीन चिऱ्याच्या भिंतींपलीकडून जोडणी ६ एमबीपीएसवर घसरली की तेवढ्याच डेटाला १.३ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ बाकी सगळे गप्प. क्यूओएसचे नियम लाइनच्या रांगेला लागतात. ही रांग त्यांच्या हिशेबात नाही. उलट मुलीच्या लॅपटॉपला प्रायॉरिटी देऊन तुम्ही सगळ्यांत जास्त हवा खाणाऱ्या यंत्राला पुढे काढलंत.

चिरा सच्छिद्र दगड. दीड-दोन फुटांची भिंत पावसाळ्यात पाणी धरते आणि पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं, म्हणून जून ते सप्टेंबर हाल वाढतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतीपुढे २.४ पेक्षा लवकर हार मानतात. फोनवर वायफाय अॅनालायझर घालून खोलीतली सिग्नलची ताकद बघा. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ मीटिंग निभावते, उणे ७५ च्या पुढे प्रायॉरिटीचा विचारच सोडा.

खरा उपाय केबल. मुलीच्या खोलीपर्यंत कॅट-६ केबल ओढून तिथे अॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं इंटरनेट वायफायवर देणारा डबा) बसवा. १०० मीटरपर्यंत वेग कमी होत नाही. केबल घेताना खोक्यावर ‘शुद्ध तांबं’ आहे ना, ते बघा. ‘सीसीए’ लिहिलेली केबल म्हणजे वर तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम. आपल्या दमट हवेत तिची टोकं लवकर खराब होतात. राजांगणातून किंवा वाशांखालून उघड्यावर जाणारा भाग असेल तर बाहेर वापरायची, उन्हाला टिकणारी काळ्या आवरणाची केबल घ्या, विजेच्या वायरीपासून फूटभर लांब न्या, आणि घरात शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पागोळ्यांचं पाणी तारेवरून आत येत नाही. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच, टी५६८बी.

नवा अॅक्सेस पॉइंट नको असेल तर कपाटात पडलेला जुना राउटर चालतो. त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.०.२ करा (मुख्य राउटर १९२.१६८.०.१ धरून), त्याचा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात घाला. निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या) नको. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हींवर एकच ठेवा. २.४ वर एकाला चॅनल १, दुसऱ्याला ६ किंवा ११; रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ वर एकाला ३६, दुसऱ्याला १४९. चॅनल ५२ ते १४४ टाळलेले बरे, कारण त्यांवर रडारला आधी मान असतो आणि रडारची चाहूल लागली की राउटर चॅनल सोडून पळतो.

केबल अजिबात शक्य नसेल तरच मेश, म्हणजे एकमेकांशी जोडलेले वायफायचे दोन-तीन नग. पण दोन्ही नग बिनतारी एकमेकांशी बोलणार असतील तर ती बोलणीही त्याच हवेतून होतात आणि वेग साधारण निम्मा होतो. मधला नग राजांगणाच्या कडेला, दोन्हीकडून एकच भिंत लागेल असा ठेवा. मुलीच्या खोलीत ठेवला तर तोही तिच्या लॅपटॉपइतकाच बहिरा.

टीव्ही मात्र आजच केबलवर घ्या. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो आणि फोर-केला तो पुरून उरतो. घरातलं सर्वांत मोठं डबडं हवेतून उतरवलं की बाकीच्यांना लगेच मोकळं वाटतं. क्यूओएस याच्यानंतर.

एक इशारा. गोठा, गॅरेज किंवा वेगळ्या आउटहाउसपर्यंत तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेऊ नका. मे-जूनमधल्या गडगडाटात जवळपास कुठे वीज पडली तरी त्या तारेत उसळी येते आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. तिथे फायबर टाका आणि दोन बाजूंना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल यांचा सांधा जुळवणारे डबे) लावा. फायबरच्या आवरणात आधाराची पोलादी तार असेल तर ती घराबाहेरच कापा.

प्रश्न : घराला लागून चार खोल्या पर्यटकांना देतो. प्लॅन २०० चा. पाहुणे आले की आमचं बुकिंगचं काम आणि सीसीटीव्ही दोन्ही अडतं. पाहुण्यांना किती द्यावं? (पेडणे)

पाहुण्यांसाठी माणशी मर्यादा घालू नका. ती टिकत नाही. फोनचा मॅक पत्ता बदलता असतो, म्हणून दर पाहुणा राउटरला नवाच वाटतो. मर्यादा अख्ख्या गेस्ट नेटवर्कला घाला. २०० पैकी डाउनलोड १२० आणि अपलोड निम्मं त्यांना दिलंत तरी चार खोल्यांत चार फोर-के टीव्ही एकदम चालू शकतात. राउटर घेताना ‘गेस्ट नेटवर्कला वेगाची मर्यादा घालता येते का’ हा एकच प्रश्न विचारा, आणि दुकानदाराला तो मेन्यू उघडून दाखवायला सांगा. गेस्ट नेटवर्कमध्ये ‘अलाव गेस्ट्स टू अॅक्सेस लोकल नेटवर्क’ आणि ‘अलाव गेस्ट्स टू सी ईच अदर’ या दोन्ही खुणा काढलेल्या असाव्यात.

काही जण घरच्या राउटरला दुसरा स्वस्त राउटर जोडून तो पाहुण्यांना देतात आणि त्यावर मर्यादा घालतात. वेगापुरतं हे जमतं, पण सुरक्षेत उलटं होतं. आतल्या राउटरमागे बसलेल्याला बाहेरच्या राउटरवरची यंत्रं पोचण्याजोगी असतात, म्हणजे पाहुण्याच्या लॅपटॉपवरून तुमच्या कॅमेऱ्यांचं लॉगिनचं पान उघडू शकतं. असं करू नका.

कॅमेऱ्यांचं गणित वेगळं मांडा. दोन मेगापिक्सलचा एक कॅमेरा अखंड क्लाउडवर चित्रण पाठवत असेल तर एक ते दोन एमबीपीएस अपलोड चोवीस तास खातो. असे सहा असतील तर १२ एमबीपीएसपर्यंत कायमचे गेले. चित्रण घरातल्या एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यावर) किंवा कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर घ्या आणि क्लाउडवर फक्त हालचाल दिसल्यावरच्या चित्रफिती जाऊ द्या. एनव्हीआरला केबलने जोडलेले कॅमेरे घरातल्या घरातच बोलतात, त्यांचा लाइनवर भार पडत नाही. तुम्ही फोनवरून बघाल तेवढ्यापुरताच पडतो.

किनाऱ्याजवळच्या तुमच्या भागात आणखी एक तपासणी गरजेची. खारी हवा लॅन केबलच्या टोकावरचे पितळी-सोनेरी संपर्क खाते. बाहेरच्या कॅमेऱ्याची जोडणी मधूनमधून १०० वरून १० वर उतरत असेल किंवा तुटत असेल तर क्यूओएस चाळत बसू नका. टोक काढून बघा. हिरवट थर दिसला की टोक कापून नवं लावा आणि जोड पाणीबंद डबीत ठेवा.

प्रश्न : चवथीला मुंबई-पुण्याची सगळी भावंडं घरी येतात. पंचवीस-तीस फोन एकदम. दुबईतल्या भावाला आरती व्हिडिओवर दाखवायची असते आणि नेमकी तेव्हाच बोंब होते. (काणकोण)

आदल्या दिवशी गेस्ट नेटवर्क सुरू करा, त्याला एकूण वेगाच्या निम्मी मर्यादा घाला आणि सगळ्यांना तोच पासवर्ड द्या. घरचा कोणालाच देऊ नका. आरतीचा कॉल घरच्या नेटवर्कवरच्या, शक्यतो केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून करा. तसा लॅपटॉप नसेल तर फोन ५ गिगाहर्ट्झवर, राउटर असलेल्याच खोलीत. ऑपरेटरने दिलेल्या साध्या डब्यांना एका वेळी किती यंत्रं जोडता येतील याची मर्यादा असते, ती सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम क्लायंट्स’ म्हणून दिसते. ती १६ असेल तर वाढवा. आरती संपल्या संपल्या सगळे एकदम माटोळीचे (गणपतीवरच्या फळाफुलांच्या आराशीचे) व्हिडिओ पाठवायला लागतात, म्हणून गेस्ट नेटवर्कची मर्यादा अपलोडलाही घातलेली हवी.

प्रश्न : ऑपरेटरच्या ओएनटीमध्ये क्यूओएसच नाही. स्वतःचा राउटर लावता येईल का? ओपनडब्ल्यूआरटीबद्दल वाचलं आहे. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी)

येईल, आणि जमलं तर यापेक्षा चांगला उपाय नाही. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली, मोफत प्रणाली आहे. राउटर निवडताना तिच्या संकेतस्थळावरच्या यादीत तो नेमक्या हार्डवेअर आवृत्तीसह आहे ना, ते बघा. एकाच नावाच्या राउटरची व्ही२ चालते आणि व्ही३ चालत नाही असं सर्रास होतं. फ्लॅश १६ आणि रॅम १२८ मेगाबाइट तरी हवी. ४ आणि ३२ वाले जुने राउटर सोडा.

ऑपरेटरला ओएनटी ‘ब्रिज मोड’मध्ये (ओएनटी नुसता पूल, राउटरचं काम तुमच्या राउटरकडे) करून द्यायला सांगा आणि पीपीपीओईचं, म्हणजे ऑपरेटरकडे लॉगिन करायचं, युजरनेम, पासवर्ड व व्हीलॅन क्रमांक लिहून घ्या. व्हीलॅन विसरला तर बाकी सगळं बरोबर असूनही जोडणी होत नाही. ब्रिज मिळाला नाही तरी अडत नाही : ओएनटीच्या लॅन पोर्टातून तुमच्या राउटरच्या वॅनमध्ये केबल घाला, दोघांचे पत्ते वेगळ्या मालिकेत ठेवा (एकाचा १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याचा १९२.१६८.२.१) आणि ओएनटीचं वायफाय बंद करा. हे शेवटचं टाळू नका. घरातला एक जरी फोन ओएनटीच्या वायफायवर राहिला तर तो तुमच्या रांगेला वळसा घालून लाइन भरतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

मग ‘सिस्टम’ आणि ‘सॉफ्टवेअर’मधून ‘लुसी-अॅप-एसक्यूएम’ हे रांग सांभाळणारं पॅकेज बसवा. ‘एसक्यूएम क्यूओएस’मध्ये इंटरफेस म्हणून वॅन निवडा; पीपीपीओई तुमचा राउटर करत असेल तर ‘पीपीपीओई-वॅन’. वेग केबीपीएसमध्ये, मोजलेल्याच्या ९० टक्के. क्यू डिसिप्लिनमध्ये ‘केक’, स्क्रिप्ट ‘पीस ऑफ केक’. लिंक लेयरमध्ये ‘इथरनेट विथ ओव्हरहेड’, आकडा ४४; थोडा जास्त धरला तर नुकसान नाही, कमी धरला तर लाइन भरलेली असताना लेटन्सी वाढते. फायरवॉलमधलं ‘फ्लो ऑफलोडिंग’ बंद करा, कारण ते चालू असलं तर पॅकेट एसक्यूएमला चुकवून जातात. आता भार टाकून लेटन्सी मोजा. ठीक असेल तर वेग ९० वरून ९२, ९५ टक्के असा चढवत न्या आणि लेटन्सी वाढू लागली की एक पायरी खाली या.

केकची खुबी अशी की यंत्रांची यादी, प्रायॉरिटी, मर्यादा यांतलं काहीच भरावं लागत नाही. प्रत्येक प्रवाहाला तो वेगळी रांग देतो आणि हलक्या प्रवाहांना थांबवत नाही. ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन डाउनलोडला ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट’ आणि अपलोडला ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’ लिहिलं (इंग्रजी लहान अक्षरांत) की वाटणी आधी यंत्रायंत्रांत समान होते. म्हणजे टॉरंटच्या पन्नास जोडण्या उघडून बसलेल्या संगणकाला पन्नास वाटे मिळत नाहीत. बहुतेक घरांनी याच्या पुढे जायची गरजच नाही.

प्रश्न : वाळपईच्या आत गावात फायबर नाही, सिमवर चालणारा ५जी राउटर आहे. वेग कधी ८०, कधी ८. कोणता आकडा भरू? (सत्तरी)

स्थिर आकडा इथे लागू पडत नाही. ७० भरलात तर वेग ८ वर असताना रांग टॉवरकडे लागते आणि नियम निकामी. ८ भरलात तर ८० असताना हात बांधलेले. राउटर खिडकीत, टॉवरच्या दिशेला ठेवून आधी चढउतार कमी करा. मग अपलोडची मर्यादा तेवढी ठरवा, सर्वांत वाईट वेळेला मिळतो त्याच्या आसपास, आणि डाउनलोड मोकळं सोडा. मीटिंग बहुधा अपलोडवरच अडते.

बाकीची वाटणी यंत्रांवर करा. विंडोजमध्ये ‘विंडोज अपडेट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये जाऊन इतर संगणकांशी देवाणघेवाण बंद करा आणि डाउनलोडला मर्यादा घाला. त्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ केलं की विंडोज मोठे अपडेट थांबवून धरतं. स्टीमच्या सेटिंगमध्ये ‘डाउनलोड्स’खाली वेगाची मर्यादा आहे. नेटफ्लिक्सवर एचडी तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-के ७ जीबीपर्यंत खातं. डेटा मोजून मिळत असेल तर दर्जा ‘मीडियम’वर ठेवा.

प्रश्न : मुलाच्या गेमिंग कन्सोलसाठी रात्री दहानंतर बंदचा नियम घातला. काही दिवस चालला, मग कन्सोल रात्रभर चालू आणि दुपारी बंद. (म्हापसा)

राउटरचं घड्याळ चुकलं आहे. बहुतेक घरगुती राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की वेळ पुसली जाते आणि इंटरनेटवरून ती पुन्हा मिळेपर्यंत नियम भलत्याच वेळी चालतात. ‘सिस्टम टाइम’मध्ये वेळ ‘इंटरनेटवरून आपोआप’ घ्यायला सांगा आणि टाइम झोन ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास आहे ना, ते बघा. ग्रिनिचवरच राहिला असेल तर दहाचा नियम आपल्याकडे पहाटे साडेतीनला लागतो आणि सकाळी सहाला सुटायचं कुलूप साडेअकराला सुटतं. तुमचं वर्णन मात्र आधीच्या, वेळ पुसली जाण्याच्या, कारणाशी जास्त जुळतं.

वीज सारखी जात असेल तर राउटर आणि ओएनटीसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. घेण्याआधी दोन्हींच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. ओएनटी बहुधा १२ व्होल्टचा असतो, पण काही राउटर ९ व्होल्टचे असतात, आणि ९ च्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. यूपीएसचे अँपिअर दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त हवेत.